समजून घ्या : चीनच्या युद्धभूमीवर डॉ. कोटणीसांनी नेमके काय केले? किल्लारी अनुभवलेल्या मराठवाड्याने त्यातून काय घ्यावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९९३ रोजी भारतीय टपाल खात्याने एका डॉक्टरच्या नावाने तिकीट काढले. ते डॉक्टर होते शेजारच्या सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. मात्र डॉ. कोटणीसांनी चीनमध्ये घालवलेली चार वर्षे बारकाईने पाहिली, तर किल्लारीने विचारलेला प्रश्नच त्यांत दिसतो. शेकडो जखमी एकाच वेळी समोर आले, रस्ते बंद आहेत, औषधे अपुरी आहेत आणि मोठे रुग्णालय दूर आहे, तर डॉक्टरने काय करायचे?

डॉ. कोटणीस आपल्याला माहीत आहेत ते मैत्रीचे प्रतीक म्हणून आणि चित्रपटाचे नायक म्हणून. आपत्कालीन वैद्यकीय सेवा उभी करणारा डॉक्टर ही त्यांची ओळख मागे राहिली. ती समजून घेऊया.

थोडक्यात

• जन्म : १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर
• शिक्षण : सेठ गोवर्धनदास सुंदरदास (जीएस) वैद्यकीय महाविद्यालय, मुंबई
• १९३८ : भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला रवाना
• जानेवारी १९४१ : बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख
• मृत्यू : ९ डिसेंबर १९४२, उत्तर चीन. वय ३२ वर्षे

कोण होते डॉ. कोटणीस?

सोलापूर त्या काळी गिरण्यांचे शहर होते. कोटणीसांचे कुटुंब मध्यमवर्गीय आणि मोठे. घरात भावंडे बरीच. मुलाला डॉक्टर करणे ही अशा घरासाठी सोपी गोष्ट नव्हती. द्वारकानाथ मुंबईला गेले आणि जीएस वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेले. गिरणगावाच्या मधोमध असल्याने इथे अपघाताचे, भाजल्याचे, यंत्रात हात सापडल्याचे रुग्ण रोजचेच.

पदवी मिळाल्यावर ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लागले होते. पुढचा रस्ता ठरलेला दिसत होता. एखादे मोठे रुग्णालय, मग स्वतःचा दवाखाना आणि घराला हातभार. १९३८ च्या उन्हाळ्यात हा बेत बदलला.

चीनला पथक पाठवण्याची वेळ का आली?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शांघाय, नानजिंग ही शहरे पडली. चिनी सैन्याकडे माणसे होती, पण शल्यचिकित्सक अगदी मोजके. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये, औषधे आणि एक रुग्णवाहिका उभी केली.

पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी काम केले होते, त्यामुळे युद्धभूमीचा अनुभव असलेला माणूस पथकात होता. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. पाचवे डॉ. कोटणीस.

निवडीची ही पद्धत आज आपत्ती व्यवस्थापन शिकवताना सांगतात तशीच आहे. प्रमुख अनुभवी, सोबत तरुण हात, बरोबर स्वतःचे साहित्य आणि स्वतःचे वाहन. संकटग्रस्त भागात जाणाऱ्या पथकाने तिथल्या लोकांवर भार टाकायचा नसतो, हा पहिला नियम. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीसांना अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. मुक्काम वर्षभराचा ठरला होता.

पोहोचल्यावर लगेच काम सुरू झाले का?

नाही. बाहेरून येणाऱ्या मदतीबाबत हे आजही घडते. पथक सप्टेंबरच्या मध्यात कँटनला म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोहोचले. तिथून वूहान परिसर, यिचांग आणि पुढे चोंगचिंग असा प्रवास झाला. युद्ध पुढे सरकत होते आणि शहरे पडत होती. जिथे पोहोचायचे ते ठिकाणच शत्रूच्या ताब्यात जाईल अशी स्थिती होती. मधल्या काळात या डॉक्टरांनी वाटेतल्या रुग्णालयांत काम केले, पण त्यांची खरी गरज होती ती उत्तरेला.

चोंगचिंगमध्ये असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. घरी आई आणि भावंडे. परत जाण्याचा रस्ता मोकळा होता आणि सहकाऱ्यांनाही ते समजण्यासारखे होते. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

गुहेतले रुग्णालय कसे चालायचे?

येनान हा पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा प्रदेश. बॉम्बहल्ल्यांनी शहराचे मोठे नुकसान झाले होते. त्यामुळे लोक, कचेऱ्या, शाळा आणि रुग्णालयेही टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये गेली होती. गुहा हिवाळ्यात उबदार राहते आणि बॉम्बपासून बचाव करते. वीज, वाहते पाणी, क्ष-किरण यंत्र या गोष्टी मात्र तिथे गृहीत धरता येत नव्हत्या.

मुंबईच्या सुसज्ज रुग्णालयात शिकलेल्या डॉक्टरसाठी हे नवे शिक्षण होते. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. हाडाला आधार द्यायला गावच्या सुताराकडून फळ्या करून घ्यायच्या. भूल देण्याचे औषध जपून वापरायचे. पेनिसिलिन अजून वापरात आलेले नव्हते, त्यामुळे जखम चिघळली की हात किंवा पाय काढावा लागे, नाहीतर रुग्ण जाई.

पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचा ‘हुआ’ हा शब्द. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. त्यांनी चिनी भाषा शिकायला घेतली आणि पुढे याच भाषेत ते वर्गावर शिकवू लागले. भाषेला इथे महत्त्व आहे. जखमी सैनिकाला कुठे दुखते, पाय हलतो का, तहान लागली का, हे दुभाष्यामार्फत विचारण्यात वेळ जातो आणि गर्दीच्या वेळी दुभाष्या सापडतही नाही.

वर्षभराने पथक विरळ होत गेले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. अटल यांना त्वचारोगाने परत यावे लागले. राहिले बसू आणि कोटणीस.

रुग्णालय आघाडीजवळ का न्यायचे?

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले होते. त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, उत्तर चीनमध्ये कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष पसरले होते. स्पेनच्या युद्धात बेथून यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीतून थेट आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभी केली होती. चीनमध्ये त्यांनी खेचरांच्या पाठीवरून हलवता येईल असे शस्त्रक्रियेचे साहित्य तयार केले.

बेथून यांचा विचार सोपा होता. जखमी डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत थांबायचे नाही, डॉक्टरने जखमीपर्यंत जायचे. पोटात गोळी लागलेल्या माणसाला डोंगरातून दोन दिवस डोलीने आणले, तर बहुधा त्याचा मृतदेहच रुग्णालयात पोहोचतो. तोच माणूस काही तासांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला तर वाचू शकतो. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला आज आपण ‘गोल्डन अवर’ म्हणतो. त्यामागचा हिशेब हाच.

जून १९४० मध्ये बसू आणि कोटणीस बेथून यांच्या कामाच्या प्रदेशात पोहोचले. शान्शी, चाहार आणि हेबेई या तीन प्रांतांच्या सीमेवरचा हा डोंगराळ भाग. आजूबाजूला जपानी ठाणी. काही काळाने बसू येनानला परतले. कोटणीस तिथेच थांबले.

७२ तासांच्या शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने उत्तर चीनमधील रेल्वे, पूल आणि जपानी ठाण्यांवर एकाच वेळी मोठे हल्ले सुरू केले. ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ या नावाने ती ओळखली जाते. जखमींचा ओघ सुरू झाला. या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका टप्प्यावर ते ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया करत राहिले.

हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि पुढे जातो. पण त्यात एक व्यावहारिक प्रश्न दडलेला आहे. एक डॉक्टर आणि शेकडो जखमी असतील तर आधी कोणाला घ्यायचे?

याचे उत्तर देणाऱ्या पद्धतीला ‘ट्रायाज’ म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी ती रूढ केली. हुद्दा, ओळख, आरडाओरडा यातले काही पाहायचे नाही. फक्त जखम पाहायची. आज मोठ्या दुर्घटनेच्या वेळी चार रंगांच्या चिठ्ठ्या वापरतात.

• लाल : तातडीने उपचार केले तर वाचेल
• पिवळा : गंभीर, पण थोडा वेळ थांबू शकतो
• हिरवा : किरकोळ जखमा, चालू शकतो
• काळा : मृत, किंवा वाचण्याची शक्यता नाही

यातला काळा रंग सर्वात अवघड. एरवी डॉक्टर शेवटच्या श्वासापर्यंत प्रयत्न करतो. आपत्तीत मात्र एकावर चार तास घालवले तर बाहेर पाच जण जाऊ शकतात. हा निर्णय ऐनवेळी, एकट्याने आणि पहिल्यांदाच घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून तो आधी शिकवावा लागतो.

नेमक्या त्याच काळात लंडनमध्येही जपानचा मित्र असलेल्या जर्मनीचे बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात, हे तिथल्या एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने १९४१ मध्ये नोंदवले. तासन्‌तास दबलेले स्नायू मरतात, त्यातले घटक सुटका होताच रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडावर, हृदयावर आघात करतात. म्हणून ढिगाऱ्यातून बाहेर ओढण्याआधीच सलाइन सुरू करणे, हा आज भूकंपातील बचावाचा महत्त्वाचा धडा आहे. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपात अशा रुग्णांसाठी डायलिसिसची यंत्रे कमी पडली. त्यानंतर जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी भूकंपात धावून जाणारे वेगळे पथक तयार केले.

त्यांचे सर्वात टिकाऊ काम कोणते?

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. विद्यार्थी होते खेड्यापाड्यांतले तरुण. अनेकांचे शालेय शिक्षणही जेमतेम.

त्यांना वर्षानुवर्षे शिकवून पूर्ण डॉक्टर करण्याइतका वेळ कोणाकडेच नव्हता. युद्धात उपयोगी पडेल ते आधी शिकवायचे, असा क्रम लावावा लागला. रक्त थांबवणे, जखम धुणे, मोडलेले हाड बांधणे, जखमीला न हलवता उचलणे, भांडी उकळून निर्जंतुक करणे. कोटणीस शस्त्रक्रिया करताना विद्यार्थ्यांना शेजारी उभे करत. शल्यचिकित्सेवरची पाठ्यपुस्तकेही त्यांनी चिनी भाषेत लिहायला घेतली.

जपानी सैन्य जवळ आले की रुग्णालय गुंडाळून हलवावे लागे. जखमी गावकऱ्यांच्या घरांत ठेवले जात. गावातल्या बायका त्यांना खाऊ घालत, पट्ट्या धूत. म्हणजे या रुग्णालयाला पक्क्या भिंती नव्हत्या. शिकवलेली माणसे हेच ते रुग्णालय होते.

याच शाळेत कुओ छिंगलान नर्सिंग शिकवत होत्या. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

मृत्यू कसा झाला?

कोटणीसांना अपस्माराचे म्हणजे फिट्सचे झटके येऊ लागले होते. अपस्माराच्या रुग्णासाठी झोप न मिळणे, उपासमार आणि शरीरावरचा ताण या सर्वात घातक गोष्टी. या तिन्ही तिथे रोजच्या होत्या. योग्य औषधे मिळत नव्हती. उपचारासाठी बाहेर जाण्याचा सल्ला त्यांना दिला गेला, पण काम सोडून ते गेले नाहीत. त्यांची जागा घेईल असा दुसरा अनुभवी शल्यचिकित्सक तिथे नव्हता.

९ डिसेंबर १९४२ रोजी लागोपाठ झटके येऊन त्यांचा मृत्यू झाला. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शल्यचिकित्सेचे पुस्तक अर्धे लिहून राहिले.

या भागात तीन वर्षांत दोन मोठे शल्यचिकित्सक गेले. बेथून बोटाच्या जखमेने, कोटणीस झटक्यांनी. दोघांनाही शत्रूची गोळी लागली नव्हती. अविश्रांत काम आणि औषधांचा तुटवडा यांनी त्यांचा घास घेतला. म्हणून ७२ तासांची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्टर तीन दिवस उभा राहिला, कारण चौथ्या तासाला त्याच्या जागी येणारा कोणी नव्हता. आपत्तीच्या नियोजनात पाळ्या ठरवणे, डॉक्टर-नर्सना झोप आणि जेवण मिळेल याची सोय करणे, ही किरकोळ बाब नाही. थकलेल्या हातांकडून चुका होतात आणि त्यांची किंमत रुग्णही मोजतो.

किल्लारीशी याचा संबंध काय?

२९ सप्टेंबर १९९३ ला गणेश विसर्जन झाले. लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे उद्ध्वस्त झाली. सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. जखमींची संख्या त्याहून कितीतरी जास्त होती.

घरे दगड-मातीची, भिंती दोन-अडीच फूट जाड आणि वर मातीचे जड माळवद. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबच्या खाली पोकळी राहून माणूस काही काळ तगू शकतो. मातीचे घर पडले की माती नाका-तोंडात जाते आणि पोकळी उरत नाही. गुदमरून जाणाऱ्यांना वाचवण्यासाठी तास नव्हे, मिनिटे हातात असतात. तेवढ्या वेळात पोहोचू शकतो तो फक्त शेजारी.

जखमींसाठी मोठी रुग्णालये दूर होती. लातूर शहर किल्लारीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, पण तिथे तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते सुरू झाले २००२ मध्ये. शासकीय महाविद्यालये होती ती अंबाजोगाई, नांदेड, औरंगाबाद आणि सोलापूरला. जखमी ट्रक, टेम्पो, जीप मिळेल त्या वाहनाने उमरगा, लातूर, सोलापूरकडे हलवले गेले. कोटणीसांच्या गावच्या रुग्णालयातही किल्लारीचे जखमी आले.

शिवाय हा भूभाग तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जिथे धोकाच मानला नाही, तिथे तयारी कशी असणार? नंतर नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या श्रेणीत आला. भूकंपग्रस्त सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. पुनर्वसनाच्या मोठ्या कार्यक्रमातूनच महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि नियंत्रण कक्ष आले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर, २००५ मध्ये झाला.

आता कायद्यात डॉक्टरची जागा कुठे आहे?

२००५ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस अधीक्षकांबरोबर जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारीही त्याचे पदसिद्ध सदस्य असतात. म्हणजे आपत्ती आल्यावर डॉक्टरला बोलवायचे, असे कायद्याला अपेक्षित नाही. आराखडा करताना तो टेबलावर हजर हवा. रुग्णालयात किती खाटा वाढवता येतील, रक्तपेढीत किती साठा आहे, ऑक्सिजन किती तास पुरेल, रस्ता तुटला तर कुठल्या बाजूने जखमी न्यायचे, हे प्रश्न तोच विचारू शकतो.

२०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९९३ च्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे. पण धोका संपलेला नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे धक्के नांदेड, परभणीतही जाणवले. गोदावरीचा पूर नांदेडला नवा नाही.

वाचकांनी काय पाहावे?

कोटणीसांच्या कामातून निघणारे पाच प्रश्न आपल्या गावापुरते विचारता येतात.

• पहिला तास कोणाचा? गावात रक्तस्राव थांबवणे, हाड बांधणे, छाती दाबून हृदय सुरू करणे येणारी किती माणसे आहेत? आशा सेविका, शिक्षक, एसटीचे चालक-वाहक, गणेश मंडळाचे कार्यकर्ते यांना हे शिकवले आहे का?
• जवळचे ठिकाण कोणते? प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतात का? तिथे सलाइन, टाके, आधारपट्ट्या आहेत का?
• इमारत टिकेल का? भूकंपात रुग्णालयच पडले किंवा पुरात त्याचे जनरेटर बुडाले तर पर्याय काय?
• सराव झाला का? शेवटची रंगीत तालीम कधी झाली? कागदावरचा आराखडा पाहटे चार वाजता उपयोगी पडतो तो सराव केला असेल तरच.
• दुसरी पाळी कोणती? दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर-नर्सची जागा कोण घेणार, हे ठरले आहे का?

कोटणीसांनंतर काय झाले?

त्यांना आधी तिथल्या गावातच पुरले. पुढे हेबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारकात बेथून यांच्याजवळ त्यांची समाधी बांधली गेली. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाची कहाणी पुस्तकातून मांडली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट केला. नायकाची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली. आज अनेकांना कोटणीस आठवतात ते याच चित्रपटातून.

मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. कुओ छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. त्या भारतात अनेकदा आल्या आणि कोटणीसांच्या कुटुंबाशी त्यांचे नाते टिकून राहिले. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याची प्रथा पडली. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे.

शिजियाझुआंगमध्ये बेथून यांच्या नावाचे ते रुग्णालय आजही सुरू आहे. वर्षभरासाठी गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टरने ते चालवले होते दोन वर्षांहून कमी काळ. त्या दोन वर्षांत शिकून तयार झालेल्या मुलामुलींनी पुढे युद्ध संपेपर्यंत जखमींची सेवा केली. आपत्तीच्या वेळी नेमके काय मागे उरले पाहिजे, याचे उत्तर तिथे सापडते.